विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या आरोग्यसेवांतील समन्वय : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

विशेष गरजा असणाऱ्या बालकांसाठी महाराष्ट्रात योजना नाहीत, असे म्हणता येत नाही. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत आरोग्यतपासणीचा कार्यक्रम आहे, सर्वसामान्य शाळेत सामावून घेणारे समावेशित शिक्षण आहे, विशेष शाळा आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, साहाय्यभूत साधने, आरोग्यविमा, भत्ते हेही आहेत. तरीही कडेवर मूल आणि हातात कागदांची पिशवी घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाणारी आई हे जिल्ह्याच्या ठिकाणी अपरिचित दृश्य नाही. योजना इतक्या आणि वणवणही इतकी, ही विसंगती कशातून निर्माण होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी संबंधित कायदे, कार्यक्रमांची रचना आणि त्यांची परिभाषा यांची सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात चिकित्सा केली आहे.

सेवांचा अभाव हे या विसंगतीचे एक कारण आहेच. परंतु ते मुख्य कारण नव्हे. बालकाला एका सेवेपासून दुसऱ्या सेवेपर्यंत नेऊन पोहोचविण्याची जबाबदारी कोणत्याही नामनिर्देशित व्यक्तीवर नाही, हे मुख्य कारण होय. जी जबाबदारी कोणाचीच नसते ती अखेर आईवर येते, आणि मग त्या बालकाचे भवितव्य आईचे शिक्षण, तिची मजुरी आणि एस.टी.चे वेळापत्रक यांवर अवलंबून राहते.

दोन जिल्हे, एक पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली हे मुळात निकटचे जिल्हे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि आसपासची विलीन झालेली संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या ३०,०३,७४१, तर सांगलीची २८,२२,१४३ होती. दोन्ही जिल्ह्यांना कृष्णाकाठची बागायत लाभली आहे आणि दोन्हींच्या पूर्वेला दुष्काळी पट्टा आहे : साताऱ्यात माण व खटाव, सांगलीत जत, आटपाडी व कवठेमहांकाळ. साताऱ्याच्या पश्चिमेस पाटण, जावळी, महाबळेश्वर हे डोंगरी तालुके आहेत. सांगलीचा शिराळाही सह्याद्रीला टेकलेला आहे.

वैद्यकीय परंपरेच्या दृष्टीने हा प्रदेश मागासलेला नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयामुळे हे गाव पुढे वैद्यकनगरी म्हणून ओळखले गेले. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, १९८४ साली कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि २०२१-२२ पासून साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कार्यरत झाले. म्हणून या दोन जिल्ह्यांचे उदाहरण बोधप्रद ठरते. जेथे डॉक्टरच नाहीत तेथे समन्वयाचा प्रश्न गौण असतो. परंतु जेथे मिरज-कराडसारखी केंद्रे आहेत आणि तरीही उमदीचे वा म्हसवडचे मूल उपचारांवाचून राहू शकते, तेथे दोष केवळ ज्ञानाच्या वा खाटांच्या कमतरतेत शोधता येत नाही. तो ज्ञान आणि मूल यांच्या मधल्या वाटेत शोधावा लागतो.

तरतुदींची रचना

कायद्याच्या पातळीवर १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम आणि त्याची जागा घेणारा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम हे दोन प्रमुख टप्पे होत. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचा समावेश झाला. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. शिक्षणविषयक प्रकरणातील कलम १७ शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्यास सांगते. आरोग्यविषयक कलम २५ सर्व बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून जोखमीतील बालके ओळखण्यास सांगते.

ही दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचली असता रचनेतील उणीव लक्षात येते. दोन्ही कलमे शोधण्याविषयी बोलतात. एका कलमात शिक्षणयंत्रणा शोधते, दुसऱ्यात आरोग्ययंत्रणा शोधते. मात्र शोधलेले मूल दोघांनी मिळून कोठे आणि कोणामार्फत न्यायचे, हे त्यांपैकी कोणतेच कलम सांगत नाही. कायद्याने दोन दारे उघडली. दारांमधला सोपा मात्र बांधावयाचा राहिला.

कार्यक्रमांच्या पातळीवरही हेच चित्र दिसते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे ज्याचा प्रारंभ झाला तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सार्वजनिक आरोग्य विभागाचा आहे. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत तपासणी करतात आणि गरजू बालकाला ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. अंगणवाडी महिला व बाल विकास विभागाची आहे. २०१८ पासूनचे समग्र शिक्षा अभियान शालेय शिक्षण विभागाचे आहे. विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. वैद्यकीय महाविद्यालये व त्यांना जोडलेली रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. अशा रीतीने एका बालकामागे पाच विभाग उभे आहेत. त्यांच्या वयोमर्यादाही सारख्या नाहीत : अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत, शिक्षण हक्क कायदा ६ ते १४, दिव्यांग हक्क अधिनियम ६ ते १८, बाल स्वास्थ्य कार्यक्रम शून्य ते १८. प्रत्येक सीमारेषेवर मूल एका नोंदवहीतून बाहेर पडते. ते दुसऱ्या नोंदवहीत पोहोचलेच पाहिजे अशी हमी त्या रेषेवर कोणी देत नाही.

‘संदर्भित’ या शब्दाचा अर्थ

प्रशासनाची परिभाषा त्याच्या विचाराची साक्ष देत असते. आरोग्ययंत्रणेच्या अहवालांत ‘संदर्भित’ हा शब्द वारंवार येतो. बालकाला वरच्या रुग्णालयाकडे जाण्याची चिठ्ठी दिली म्हणजे ते संदर्भित झाले. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने हे कर्मणी भूतकालवाचक रूप आहे; कृती पूर्ण झाल्याचा भास त्यात आहे. प्रत्यक्षात चिठ्ठी दिली त्या क्षणी मूल आपल्या गावातच असते. पाठविणे आणि पोहोचणे या दोन क्रिया आहेत, आणि त्या दोहोंमध्ये एक बुडालेला रोज, दोन एस.टी. गाड्या आणि घरी राहिलेली दुसरी मुले एवढे अंतर असते.

येथे बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यशाची नोंद घेणे न्याय्य ठरेल. हृदयाचा जन्मजात दोष, दुभंगलेला ओठ वा टाळू, वाकडा पाय अशा व्याधींत या कार्यक्रमाने गरीब कुटुंबांना मोठा आधार दिला आहे. परंतु हे यश कोणत्या प्रकारच्या व्याधींत मिळते, हेही पाहिले पाहिजे. शस्त्रक्रियेला आरंभ असतो आणि शेवट असतो. तिचे एक रुग्णालय, एक तारीख आणि एक देयक असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचनाही मुख्यतः अशाच, रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती झालेली आहे. याउलट मेंदूचा पक्षाघात, कर्णबधिरता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता यांमध्ये बालकाला एका मोठ्या उपचाराची नव्हे, तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या लहान लहान उपचारांची गरज असते. आठवड्याला फिजिओथेरपी, वाचा-उपचार, साधनांची दुरुस्ती, शाळेतील बैठकव्यवस्था, घरातील सराव यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकदाच करून संपत नाही. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते व त्यात बाह्यरुग्ण उपचारांचाही विचार आहे. परंतु उपचारकेंद्र जवळ नसेल तर विम्याचे कार्ड बालकाला चालावयास शिकवीत नाही. घटनेसाठी उभारलेली यंत्रणा प्रक्रियेला अपुरी पडते, असे या स्थितीचे सार सांगता येईल.

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या मार्गदर्शक रचनेत बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, दृष्टितज्ज्ञ, विशेष शिक्षक, समाजकार्यकर्ता अशा पदांबरोबर व्यवस्थापकाचेही पद आहे. रचना निश्चितच विचारपूर्वक केलेली आहे. परंतु केंद्राला व्यवस्थापक आहे, बालकाला नाही. आणि बालक केंद्राच्या दारात आल्यानंतरच त्या व्यवस्थापनाचा आरंभ होतो.

एका बालकाची वाट

हा प्रश्न स्पष्ट होण्यासाठी जत तालुक्याच्या पूर्व भागातील, जन्मतः ऐकू न येणाऱ्या एका बालिकेची कल्पना करू. श्रवणदोषाबाबत जगभर मान्य असलेला संकेत असा की, पहिल्या महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचारांना प्रारंभ व्हावा. कारण भाषा आत्मसात करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या वर्षांत सर्वाधिक असते. या बालिकेच्या बाबतीत घरी भेट देणारी आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, तपासणी पथक, ग्रामीण रुग्णालय, जिल्ह्याच्या ठिकाणी श्रवणचाचणी, प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय मंडळ, वैश्विक ओळखपत्रासाठी संगणकीय अर्ज, श्रवणयंत्र देणारी योजना, वाचा-उपचार आणि शेवटी शाळा असे किमान दहा टप्पे येतात. उमदीसारख्या गावापासून सांगली शंभर किलोमीटरहून दूर आहे. प्रत्येक फेरीत एक दिवस जातो. दहापैकी कोणत्याही एका टप्प्यावर वाट तुटली की पुढचे सर्व टप्पे निरर्थक होतात. श्रवणयंत्र मिळाले तरी कान वाढतो तसा त्याचा साचा पुन्हा घ्यावा लागतो. साचा सैल झाला की यंत्र कुरकुरते आणि पेटीत जाते. कागदोपत्री मात्र ती बालिका ‘साधन प्राप्त लाभार्थी’ असते.

साहित्यवाटपाच्या शिबिरांबाबतही असेच म्हणावे लागते. कानपूरच्या एलिम्को या शासकीय निगमामार्फत समग्र शिक्षा अभियानात शाळकरी मुलांना साधने दिली जातात. खर्चाचा ६० टक्के वाटा एडिप योजनेतून व ४० टक्के शिक्षणयंत्रणेकडून येतो. दोन विभागांनी खर्च वाटून घेतल्याचे हे चांगले उदाहरण आहे. तथापि शिबिरात मोजमाप एका दिवशी होते, वाटप नंतर दुसऱ्या दिवशी. आणि मधल्या काळात मूल वाढत असते. खर्चाचा समन्वय झाला म्हणजे काळाचा समन्वय झाला असे नाही.

भाषा आणि स्थलांतर

समन्वयाच्या चर्चेत सहसा न येणारे दोन मुद्दे या दोन जिल्ह्यांत विशेष महत्त्वाचे ठरतात. पहिला भाषेचा. जत तालुक्याच्या सीमावर्ती गावांत कन्नड ही घरची भाषा आहे व कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळाही आहेत. वाचा-उपचाराचे निम्मे काम घरी आईने करावयाचे असते. उपचार मराठीत आणि घर कन्नडमध्ये असेल, तर तो सराव आईच्या ओठांवर येणार कसा? अध्ययन अक्षमतेच्या निदानातही माध्यमाचा प्रश्न निर्णायक आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचा समावेश आहे. म्हणजे साधन उपलब्ध आहे; ते जतच्या शाळेपर्यंत नेणारा हात हवा आहे.

दुसरा मुद्दा स्थलांतराचा. ऊसतोडीच्या हंगामात बीड व अन्य जिल्ह्यांतील कुटुंबे कृष्णाकाठच्या फडांवर येतात. माण, जत, आटपाडीतील मेंढपाळ व मजूर कुटुंबे गाव सोडतात. तपासणी पथकाची भेट ठरते अंगणवाडीच्या वा शाळेच्या पटावरून. आणि पटावर नाव असते एका गावी, तर मूल असते दुसऱ्या गावी. स्थलांतरित मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये म्हणून महाराष्ट्राने शिक्षण हमी कार्डाची कल्पना राबविली. त्याच धर्तीवर बालकाच्या उपचारांची नोंद त्याच्याबरोबर फिरली, तर फडावरचे मूल तेथील आरोग्ययंत्रणेला परके राहणार नाही.

अन्यत्रचे अनुभव

अमेरिकेत १९८६ च्या कायदादुरुस्तीने तीन वर्षांखालील दिव्यांग बालकासाठी कुटुंबकेंद्री सेवा-आराखड्याची तरतूद केली. त्यात सेवांच्या यादीइतकेच त्या सेवा जुळवून आणणाऱ्या व्यक्तीचे नाव आवश्यक मानले गेले. इंग्लंडमध्ये २०१४ च्या बालक व कुटुंब अधिनियमाने शिक्षण, आरोग्य व सामाजिक देखभाल यांचा एकच आराखडा पंचविसाव्या वर्षापर्यंत लागू केला; आरोग्ययंत्रणेच्या बाजूने शाळा व स्थानिक प्रशासनाशी दुवा राखणारा निर्दिष्ट वैद्यकीय अधिकारी नेमण्याची पद्धतही रूढ झाली. तेथील अनुभव सर्वस्वी सुखद नाही. आराखड्यासाठी लांबलेली प्रतीक्षा आणि पालकांनी न्यायाधिकरणाकडे घेतलेली धाव यांबद्दल तेथेही तीव्र टीका झाली आहे. त्यामुळे परदेशी प्रतिमान जसेच्या तसे उचलणे इष्ट नाही. त्यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, समन्वयाला चेहरा लागतो. आणि त्या चेहऱ्यामागे पैसा व अधिकार नसतील तर तोही केवळ नावापुरता राहतो.

शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांच्या नेतृत्वाखालील ‘हेल्पर्स ऑफ दि हॅण्डिकॅप्ड’ या संस्थेने १९८४ पासून वेगळा मार्ग दाखविला. वसतिगृह, शाळा, उपचार, साधने आणि रोजगार यांची सांगड एका संस्थेत घातली गेली. साताऱ्याच्या भूमीत या विचाराचे मूळ त्याहून जुने आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी शाळेइतकेच वसतिगृहाला महत्त्व दिले. कारण शाळा उघडल्याने खेड्यातले गरीब मूल शाळेत येत नाही, त्याच्या राहण्या-जेवणाची वाट कोणीतरी लावावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. आजच्या परिभाषेत तोच समन्वय होय. स्वयंसेवी संस्था मात्र आपल्या आवारातील मुलांपुरती ही सांगड घालू शकते. एकवीस तालुक्यांतील प्रत्येक मुलासाठी ती घालणे हे शासनाचेच काम आहे.

उपाययोजना आणि आक्षेप

यासाठी नवा विभाग वा नवी योजना आवश्यक नाही. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक व त्यापुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक असावे असे सांगितले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांचा निर्णय घेतला. न्यायालयाच्या प्रमाणाशी तुलना करता ही संख्या तोकडी असली, तरी प्रत्येक केंद्रात बालकाला ओळखणारी एक व्यक्ती असण्याची शक्यता त्यातून प्रथमच निर्माण झाली आहे. या शिक्षकाला केंद्रातील शून्य ते अठरा वयोगटाच्या प्रत्येक विशेष गरजा असणाऱ्या बालकाचा नामनिर्देशित समन्वयक करावे. संदर्भचिठ्ठीची एक प्रत त्याच्याकडे यावी व उपचारकेंद्राने बालक पोहोचल्याची पोच त्याला परत द्यावी. ठरलेल्या मुदतीत पोच न आलेल्या बालकांची यादी अधिनियमाच्या कलम ७२ नुसार असलेल्या जिल्हास्तरीय समितीपुढे ठेवावी. शाळेच्या प्रवासासाठीचा मदतनीस व प्रवास भत्ता उपचारकेंद्राच्या प्रवासालाही लागू करावा. जत, दहिवडी, पाटण अशा ठिकाणच्या शासकीय रुग्णालयांत आठवड्याचा एक ठरावीक दिवस उपचारांसाठी राखून ठेवावा, म्हणजे शंभर मुलांना जिल्ह्याला बोलाविण्याऐवजी एक तज्ज्ञ तालुक्याला जाईल.

यावर दोन आक्षेप संभवतात. शिक्षकावर आधीच कामाचा भार आहे आणि तो वैद्यकीय व्यक्ती नाही, हा पहिला. तो रास्त आहे. म्हणूनच हे काम अतिरिक्त न मानता त्याच्या कर्तव्यसूचीत घालून त्यासाठी वेळ दिला पाहिजे. समन्वयकाने उपचार करावयाचे नसतात. उपचार झाले की नाही हे विचारावयाचे असते. दुसरा आक्षेप बालकाच्या वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेचा आहे. पालकांची संमती आणि आवश्यक तेवढ्याच माहितीची देवाणघेवाण या दोन अटींनी त्याचे निराकरण होऊ शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, सातारा-सांगलीतील विशेष गरजा असणाऱ्या बालकांचा प्रश्न योजनांच्या संख्येने सुटणारा नाही. कायद्याने शोधण्याची सक्ती केली, पण पोहोचविण्याची केली नाही. कार्यक्रमांनी शस्त्रक्रियेची व्यवस्था केली, पण दीर्घकालीन उपचारांची जबाबदारी कुटुंबावर सोडली. कार्यालयीन व्यवहारात ‘समन्वय’ म्हणजे अधिकाऱ्यांची बैठक, असा अर्थ रूढ होत गेला आहे. बैठकीचे इतिवृत्त समन्वयाचा पुरावा ठरत नाही. उमदीच्या बालिकेचा यंदाचा कानाचा साचा कोणी घेतला, या प्रश्नाला एका व्यक्तीचे नाव उत्तर म्हणून मिळाले पाहिजे. ते नाव आज केवळ तिच्या आईचे आहे. त्याशेजारी शासनाच्या एका सेवकाचे नाव लिहिले जाणे, ही या क्षेत्रातील पुढील सुधारणेची पहिली पायरी होय.